चौथ्या पाण्याखाली

माझ्या बाबाने जन्मात एकच गोष्ट वाढवून सांगितली, आणि तीही त्याला स्वतःला खरी वाटत होती म्हणून. एरवी तो मोजकंच बोलायचा. आमच्या कोळ्यांत बापाला अरे-तुरे करतात आणि त्याने त्याचा मान कमी होत नाही, म्हणून इथेही तो 'तो'च राहील. शहाण्यांनी नाक मुरडू नये. डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या काठावर आमचं गाव. बाबाचं नाव बाळाराम, पण गावात सगळे बालाराम म्हणायचे, कारण आमच्या तोंडात 'ळ' बसत नाही. लोक त्याच्याकडे एका गोष्टीसाठी यायचे, पाणी विचारायला. तिथी सगळ्यांनाच कळते आणि तिथीवरून भरतीची वेळही काढता येते. पण आज पाणी कितपत चढेल, पलीकडच्या काठावर वऱ्हाड न्यायचं तर होडी गाळात रुतेल की नाही, हे बाबा ओट्यावर उभा राहून, वाऱ्याकडे तोंड करून सांगायचा. "जेवून निगा. पानी थांबंल," एवढंच. आणि लोक खरंच जेवून निघायचे. लहान असताना मला वाटायचं की पाणीच बाबाचं ऐकतं.

आमचं घर म्हणजे पुढे ओटा, मग पडवी, मग एक लांबट खोली आणि मागे चूल. पडवीत जाळी टांगलेली असायची, तिच्यातून वाकून जावं लागायचं, त्यामुळे आमच्या घरी येणारा प्रत्येक माणूस आधी मान खाली घालूनच आत यायचा. आय पहाटे टोपली घेऊन बाजारात जायची. तिचा आवाज बाजारातच कमावलेला होता, ती घरात हळू बोलली तरी शेजारच्या घरातून उत्तर यायचं. दुपारी ती परत आली की पाट्यावर खोबरं-मिरची वाटल्याचा आवाज सुरू व्हायचा, आणि त्या आवाजाने मला अजूनही भूक लागते. निवटे नावाचा एक मासा असतो, खाडीच्या चिखलात उड्या मारत फिरतो, डोळे डोक्यावर आलेले, दिसायला अगदी वेंधळा. आय त्यांना राख चोळून साफ करायची आणि चिंचेचं आंबट करायची. तांदळाची गरम भाकरी, ते आंबट आणि वर कच्चा कांदा. हल्ली माझ्या सुना मला मोठ्या हॉटेलात मासे खायला नेतात. मासे चांगले असतात. मी काही बोलत नाही.

मग खाडी नासली. पाण्याला आधी वास आला, नंतर रंग आला. मानपाड्याकडे कंपन्या वाढल्या होत्या, त्यांचं पाणी नाल्यांनी खाडीत उतरतं असं सगळेच म्हणायचे, आणि कोणीच काही करायचं नाही. पहिल्यांदा गेले ते निवटे. मग बोय, मग कोलंबी. उरलेल्या माशाला शिजवताना रॉकेलचा वास यायचा आणि आयची नेहमीची गिऱ्हाइकं दुसऱ्या दिवशी येऊन तिला चार गोष्टी सुनावून जायची. गावातले पुरुष एकेक करत त्याच कंपन्यांत कामाला लागले. कुणी पिंपं धुवायला, कुणी रंगाच्या खात्यात. संध्याकाळी ते सायकलवरून परत यायचे तेव्हा त्यांच्या अंगालाही खाडीसारखाच वास असायचा. बाबाला दोनदा बोलावणं आलं. त्याने आयला सांगितलं, "ज्या दारातनं ह्यो घान पानी भायर येतो, त्या दारान मी नाय जानार." आय म्हणाली, "मंग कंच्या दारान जातंस?" उत्तर शोधायला तो काही महिने खाडीकडे बघत बसला.

उत्तर त्याला डोंबिवली स्टेशनजवळ मिळालं. आयची टोपली पोचवायला गेला असताना त्याने एका दुकानासमोर पोरांची रांग पाहिली. आत अंधार, आणि त्यात व्हिडिओ गेमची मशीनं. हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं की तेव्हा गेम खिशात नसायचा. कपाटाएवढी लाकडी पेटी असायची, तिला पडदा, खाली दांडा आणि दोन बटणं, आणि नाणं टाकलं की खेळ सुरू. बाबा घरी आला आणि जेवताना म्हणाला, "आपुन जलमभर म्हावऱ्यामागं जातंव. थं म्हावरं आपल्या पायानं दारान येतंय." आयने त्याच्याकडे बघितलं आणि भाकरी वाढली. तिला वाटलं, चार दिवसांत विसरेल. पण चार दिवसांनी बाबाने होडी एका रेतीवाल्याला विकली.

मशीन घ्यायला तो मला घेऊन मुंबईला गेला, कारण मला हिंदी येत होतं आणि वाचताही येत होतं. मी आठवीत होते. ग्रँट रोडजवळच्या एका गाळ्यात एक पान खाणारा विक्रेता होता, त्याच्याकडे जुनी-नवी मशीनं उभी होती. त्याने गाड्यांची शर्यत दाखवली, विमानं पाडणारा खेळ दाखवला. बाबा ढिम्म. मग कोपऱ्यात एक पेटी दिसली. तिच्या पडद्यावर पाणी होतं. वर एक छोटी होडी, होडीतून दोरीने एक पाणबुड्या खाली सोडलेला, आणि तो खाली जाईल तसं पाणी बदलत जायचं. पहिलं पाणी हिरवं, मग निळं, मग काळं, आणि चौथं तांबूस, खडकांचं. पाणबुड्याच्या श्वासाचा बुडबुड आवाज, आणि मधूनच एक लांब सूर, शंख दूरवर वाजावा तसा. बाबा त्या पेटीसमोर चक्क उकिडवा बसला, होडीत बसायचा तसा, आणि किती तरी वेळ बघत राहिला. मग मला म्हणाला, "इचार त्याला, खाली काय हाय?"

मी विचारलं. विक्रेत्याने पान गालात सरकवलं. "बहुत कुछ है, सेठ. चौथे पानी के नीचे आज तक किसने देखा है?"

मी बाबाला जसंच्या तसं सांगितलं. बाबाने मान हलवली. "म्हंजे हाय," तो म्हणाला. "तल असल्याबिगर पानी ऱ्हातो कुठं?"

आज मला त्या विक्रेत्याचा राग येत नाही. त्याने धंद्याचं बोलणं केलं. पण त्याच्या समोर बसलेला माणूस बांबू पाण्यात टोचून खाली गाळ आहे की वाळू हे सांगणारा होता. पाणी म्हटलं की त्याला तळ आहेच, ही त्याच्या लेखी श्रद्धाही नव्हती, साधी माहिती होती. दुसऱ्या कुणाला ते पडद्यावरचं चित्र वाटलं असतं. बाबाला ते पाणी दिसलं, तिथेच सगळी गफलत झाली.

मशीनची दुरुस्ती बाकी होती, ते महिन्याभराने येणार होतं. तो महिना बाबाच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा असावा. मोजकं बोलणारा माणूस, पण रोज संध्याकाळी ओट्यावर बसून त्या चार पाण्यांचं वर्णन करायचा. आधी गावातली पोरं बसायची, मग त्यांचे मित्र येऊ लागले, मग रेल्वेच्या पलीकडून पूर्वेची पोरं सायकली घेऊन येऊ लागली. बाबा हाताने पाणी दाखवायचा. "पयलं पानी हिरवं. थं म्हावरं भोलं. निल्या पान्यान दोरी जड व्हते. काल्या पान्यान आपला हातसुदीक दिसत नाय." आणि मग थांबायचा. "मंग चौथं. आनि त्याच्या खाली तल." पोरं विचारायची, "तळाला काय आहे, काका?" बाबा म्हणायचा, "त्यो तुमी जावून बगा." तो खोटं बोलला नाही. पण पोरांनी त्या तळावर काय काय नेऊन ठेवलं. बुडालेलं जहाज, सोन्याचा दरवाजा, कुणी म्हणे जलदेवता येऊन आपलं नाव विचारते. पाणबुड्याची चर्चा माझ्या शाळेत पोचली. ज्या मुली मी शेजारी बसले की रुमाल नाकाला लावायच्या, त्या मधल्या सुट्टीत माझ्याकडे येऊन विचारू लागल्या, "ए, तुमच्याकडे तो तळवाला गेम येणारे ना गं?" मी म्हणायचे, हो. तो महिना माझाही सुखाचाच होता, कशाला लपवू.

त्या पोरांत मिलिंद नावाचा एक होता. पश्चिमेच्या एका सोसायटीत राहायचा, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. स्टेशनजवळच्या दुकानातल्या सगळ्या खेळांत त्याचा पहिला नंबर होता आणि त्याचं मत म्हणजे कोर्टाचा निकाल. तो बाबाला म्हणाला, "काका, तुम्ही सांगताय तसा असेल ना, तर असला सॉलिड गेम अख्ख्या ठाणे जिल्ह्यात नाही." बाबाला 'असेल तर' ऐकू आलं नाही.

मशीन टेंपोतून आलं. रस्ता आमच्या घरापर्यंत नव्हता, तेव्हा गावातल्या पुरुषांनी बांबू बांधून ते खांद्यावर घेतलं आणि नवी होडी पाण्यात लोटताना जी आरोळी देतात तीच देत आणलं. पडवीतली जाळी काढून जागा केली होती. आयने मशीनला हळदकुंकू लावलं, बाबाने नारळ फोडला, त्याचं पाणी पेटीच्या पायाशी शिंपडलं. जोडणी करायला आलेला माणूस घाबरून म्हणाला, "अहो, शॉर्ट होईल." आणि मग बाबाने जाहीर केलं की आज दिवसभर कोणी नाणं टाकायचं नाही. आमच्यात नव्या होडीचं पहिलं म्हावरं विकत नाहीत. देवीला दाखवायचं आणि गावात वाटायचं. विकलं तर होडीला बरकत येत नाही. जोडणीवाला म्हणाला, "शेठ, हे मासे नाहीत. लोकांना एका दिवसात सगळं दाखवू नका." बाबा हसला. "पयलं म्हावरं कोन इकतो का?" आयसुद्धा, जिचा या सगळ्याला विरोध होता, तीसुद्धा म्हणाली, "रीत हाय ती." मशीनच्या आतलं काहीतरी फिरवून त्या माणसाने ते फुकट चालू करून दिलं, उद्या परत नाण्यावर कसं आणायचं ते बाबाला दाखवलं आणि तो निघून गेला.

सकाळी तर जत्रा होती. पोरं ओट्यावरून अंगणात, अंगणातून वाटेवर. जो खेळून बाहेर यायचा तो तोंड उघडं ठेवूनच यायचा. "काय पाणी आहे रे!" "श्वास ऐकलास का? आपला पण श्वास तसाच होतो." त्याचा संथपणा सगळ्यांना आवडला, दोरीचा तो जडपणा आवडला, काळ्या पाण्यात काहीच न दिसण्याची भीती आवडली. आयने भाकऱ्यांचा ढीग घातला होता आणि बाजारातून आणलेल्या कोलंबीचं कालवण केलं होतं, ते येईल त्याला देत होती. बाबा पांढरा सदरा घालून पडवीच्या दारात उभा होता. लग्नात उभं राहतात तसा.

नाणं लागत नव्हतं, त्यामुळे पाणबुड्या मेला की बटण दाबून तिथूनच पुढे जाता येत होतं. हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, म्हणजे आमच्या. एरवी पोरांना चौथ्या पाण्यापर्यंत पोचायला महिने लागले असते. मिलिंद आणि त्याचे मित्र दुपारी पाळीपाळीने दांड्याला चिकटले आणि उतरत गेले. निळं पाणी संपलं, काळं संपलं. दिवेलागणीच्या सुमारास चौथं पाणी संपत आलं तेव्हा सगळी पडवी मशीनभोवती दाटली. बाहेरची पोरं खिडकीच्या गजांना धरून उभी होती. पडदा काळा झाला. तो लांब सूर वाजला. मी बाबाकडे बघत होते, त्याने नकळत हात जोडले होते.

मग पडदा उजळला आणि हिरवं पाणी आलं. वर तीच होडी. तेच तीन पिवळे मासे डावीकडून उजवीकडे गेले.

मिलिंदला वाटलं काही चुकलं असेल, तो परत चारही पाण्यांतून उतरला. खेळ थोडा वेगात चालत होता, एवढाच फरक. परत पडदा काळा, परत तो सूर, परत हिरवं पाणी आणि तीन पिवळे मासे. मिलिंदने दांडा सोडला. "बंडल आहे," तो म्हणाला. मग वळून बाबाला म्हणाला, "काका, खाली काय नाय. फिरून तेच येतं."

"आजून खाली जा," बाबा म्हणाला.

"अहो खाली नाहीच आहे काही. गोल आहे तो."

मागे कोणीतरी हसलं. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. आमच्या वाट्याला एकच आला. दुसऱ्या दिवशी जी पोरं आली ती खेळायला कमी आणि नावं ठेवायला जास्त. गंमत म्हणजे खेळात काहीच बदललं नव्हतं. ज्या संथपणाने काल सकाळी त्यांची टाळी घेतली होती, तोच आता 'रडका' झाला. श्वासाचा आवाज म्हणे कुकरची शिट्टी बिघडल्यासारखा. काळ्या पाण्यात दिसत नाही म्हणजे मशीनची ट्यूब गेलेली आहे. मासे भज्यांसारखे दिसतात. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मला कळत नव्हतं की यांचे कालचे डोळे कुठे गेले. पुढे मी शाळेत शिकवलं, जन्मभर शिकवलं, आणि वर्गावर्गात हे पुन्हा पाहिलं. मुलाला जे कबूल केलेलं असतं ते मिळालं नाही, की जे मिळालं तेही त्याला दिसेनासं होतं. माझा धाकटा मुलगा नव्या गेमची वाट वर्षभर बघतो, मित्रांशी फोनवर त्याच्याविषयी देव अवतरणार असल्यासारखा बोलतो, आणि गेम हातात आल्यावर दोन दिवसांत त्याला शिव्या घालतो. मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, ज्याने बनवला त्याच्या घरी कोणी असेल." तो म्हणाला, "आई, मोठी कंपनी आहे ती." असेल बाई.

महिन्याभरात पडवी रिकामी झाली. पोरं परत स्टेशनजवळच्या दुकानात. पण पोरांचं जाणं हे खरं दुखणं नव्हतं. खरं दुखणं गावात होतं. देवळाच्या पायरीवर बसणारे लोक बाबा दिसला की म्हणायचे, "बालाराम, तल कवा दावतंस?" मस्करीच होती, कोळी माणूस मस्करीशिवाय जेवत नाही. बाबाही हसायचा. पण त्या मस्करीतून हळूहळू दुसरंच काही झालं. त्या वर्षी आमच्या आळीतल्या एका मुलीचं लग्न पलीकडच्या काठावर होतं. वऱ्हाड होडीने जायचं होतं. नवरीचा बाप आमच्या ओट्यासमोरून गेला. बाबा उठून उभा राहिला, वाऱ्याकडे तोंड केलं. तो माणूस थांबला नाही. तो पुढे जाऊन दुसऱ्या एकाला पाणी विचारून आला, आणि परत जाताना खाली बघत गेला. बाबा तसाच उभा होता. मग त्याने, जणू त्यासाठीच उठला होता असं दाखवत, वाळत घातलेला टॉवेल काढला.

त्यानंतर तो स्वतः खेळू लागला. दुपारी, घरात कोणी नसताना. मी पडवीत बसून अभ्यास करायचे आणि तो मशीनसमोर स्टूल ओढून बसायचा. पोरं दांडा मुठीत आवळून झटके द्यायची. बाबा दोन बोटांनी धरायचा, वल्ह्याचा दाब बघतात तसा. आधी निळ्या पाण्यातच मरायचा. मग शिकला. मग इतका शिकला की दोन-दोन, तीन-तीन फेऱ्या न मरता उतरायचा. हिरवं पाणी परत आलं की पुटपुटायचा, "ह्यो त्यो नाय. ह्यो दुसरा हाय." तो काय शोधत होता ते मला माहीत होतं. त्याने गावाला शब्द दिला होता की खाली तळ आहे. तो तळ सापडला तर शब्द खरा होणार होता. आय बाजारातून आली की टोपली आपटायची. "त्या पेटीन म्हावरं गावलं का?" तो म्हणायचा, "थांब वाईच." ती म्हणायची, "मी थांबीन. चूल थांबंल का?" फेऱ्यांगणिक खेळ वेगात होत गेला, शेवटी इतका, की मासे नुसत्या रेघा दिसायचे. त्या रेघांमध्ये बाबाचा पाणबुड्या मरायचा, आणि बाबा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

एके दुपारी मिलिंद एकटाच आला. बाबा फार पुढे गेलाय हे त्याने कोणाकडून तरी ऐकलं होतं. तो मागे उभा राहून बराच वेळ बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जी चेष्टा असायची ती उतरत गेली. बाबाचा पाणबुड्या मेल्यावर तो म्हणाला, "काका, एवढं लांब कोणीच गेलं नसेल." बाबा म्हणाला, "आजून ऱ्हायलंय." तेव्हा मिलिंद स्टुलाजवळ खाली बसला. त्याने सांगितलं की मुंबईला त्याचा एक मित्र मशीनं दुरुस्त करणाऱ्याकडे जातो, त्याने चौकशी केली. "काका, ह्या खेळांना शेवट नसतो. बनवतच नाहीत. माणूस दमेपर्यंत फिरवत ठेवायचं, एवढंच. तळ कोणी केलेलाच नाहीये."

बाबाने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. "मंग पानी कशाला दावतात?" त्याने विचारलं.

बाबा उठला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. पडवीतला तो श्वास थांबला, तेव्हा मला कळलं की किती महिने तो आमच्या घरात चालू होता.

संध्याकाळी बाबा देवळाकडे गेला. मी मागे गेले. पायरीवर नेहमीचे लोक होते. बाबा बसला नाही. उभ्याउभ्या म्हणाला, "मी बोललो व्हतो खाली तल हाय. नाय हाय. माजा अंदाज चुकला." आता मस्करी करायला हरकत नव्हती, पण कोणी केली नाही. एकजण सरकला आणि त्याला बसायला जागा करून दिली. बाबा बसला नाही. पुढच्या आठवड्यात तो कंपनीत कामाला लागला, त्याच दारातून. रंगाच्या खात्यात. त्याच्या हाताला कधी निळा, कधी तांबडा रंग असायचा आणि तो रंग भाकरीला लागू नये म्हणून तो दोन बोटांनी जेवायचा. मशीन एका जत्रेवाल्याने नेलं. ते नेताना कोणी आरोळी दिली नाही.

त्या गेमचं तिसरं मत मी आता आता ऐकलं. घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या गणपतीत एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ येऊन म्हणाले, "तुम्ही बाळाराम काकांच्या ना?" मिलिंदच. शेजारच्या इमारतीत राहतात. डोळे अगदी चमकत होते त्यांचे. "अहो, काय गेम होता तो! मी नंतर किती खेळलो, पण तशी शांतता परत नाही मिळाली. तो श्वास! आणि तळ नव्हता हेच तर भारी होतं त्याचं. तेव्हा अक्कल नव्हती हो आम्हाला." त्यांच्या जुन्या मित्रांचा ग्रुप आहे, म्हणाले, त्यात सगळे हेच म्हणतात. मी त्यांना प्रसाद दिला. चांगला माणूस आहे, तेव्हाही चांगलाच होता. गेमचं काय, लोकांनी त्याला आकाशात चढवलं, गाळात घातलं, आता परत देव्हाऱ्यात बसवलाय. त्याला परत वर यायला वेळ मिळाला.

बाबाला तो मिळाला नाही. त्याने नंतर कधीही कोणाला पाणी सांगितलं नाही. कालांतराने लोक मस्करीही विसरले आणि जुन्या सवयीने विचारायला येऊ लागले, मनापासून येऊ लागले. तो म्हणायचा, "दुसऱ्या कोनाला इचार." आम्हाला वाटायचं, रुसलाय. तो रुसला नव्हता. त्याचा त्याच्यावरचाच भरवसा गेला होता, आणि तो गावाने परत देऊन परत येण्यासारखा नव्हता.

हे मला कळलं ते माझं लग्न ठरताना. मी बीएड झाले होते. ठाण्याचं एक स्थळ आलं होतं, मुलगा सरळ वाटत होता, पण घर मोठं, माणसं अनोळखी, आणि मला रात्र-रात्र धडकी भरायची. आय म्हणाली, कर. मामा म्हणाला, कर. मला बाबाने म्हणायला हवं होतं. एका सुट्टीच्या दिवशी तो ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता, खोकत होता. तेव्हा तो खोकला नुकताच लागला होता. मी जवळ बसले आणि विचारलं, "बाबा, तू त्यांना बघितलंस. माझं बरं होईल का थं?"

तो माझ्याकडे वळला. त्याला सांगायचं होतं, हे मला दिसत होतं. त्याचं तोंड उघडलंही. मग त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, निळसर नखांचा. "मी नाय सांगनार, गो बाय," तो म्हणाला. "माजं खरं व्हत नाय."

मी होकार दिला. संसार बरा झाला, तक्रार करायला जागा नाही. पण तो बरा होईल, असं तेव्हा मला कोणीतरी सांगायला हवं होतं. सांगणारा माणूस ओट्यावर माझ्या शेजारी बसला होता, आणि मला खात्री आहे, त्याचा अंदाज बरोबरच होता.